बालीहून परस्पर पुणे

शुक्रवार, २० मार्च २०२०, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. स्थळ: बाली बेटावरच्या सानूर गावातलं आमचं हॉटेल, न्याहारीची जागा, पूलकडचं टेबल. माझी आठ वर्षांची नात ईरा पपईची फोड काट्याला टोचत मला म्हणाली, "आजी, व्हेन यू गो टू पुणे टुडे, हू विल डू माय वेणी?"

मी पुण्याला जाणार आहे हे मला त्या क्षणी कळलं. माझ्याकडे तिकीट होतं ते दुसऱ्या दिवशीचं, शनिवारचं, डार्विनचं. मुलगा, सून आणि नातीबरोबर परतीचं. मी मुलाकडे, निखिलकडे, पाहिलं. तो ऑम्लेटकडे पाहत होता. सून ऋजुता "ज्यूस आणते" म्हणून उठली. तिच्यासमोर ज्यूसचा ग्लास काठोकाठ भरलेला होता.

तारखेपासून सुरुवात केली आहे, कारण पुण्याच्या कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला पत्रलेखन शिकवणाऱ्या सिस्टरांनी सांगून ठेवलं होतं की तक्रार करायची तर आधी दिवस, वेळ, जागा लिहावी, रडगाणं नंतर. तेव्हा हे प्रवासवर्णन आहे आणि तक्रारही. बालीला जायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी ते प्रवासासाठी वाचावं. मुलांकडे परदेशात राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी तक्रारीसाठी वाचावं. माझ्या मुलाने दोन्हींसाठी वाचावं. तो हा ब्लॉग वाचतो, कधीमधी खाली लाइकचा अंगठाही टाकतो.

आता बाली कशासाठी, ते सांगते. हौस म्हणून नव्हे.

मी डिसेंबरच्या मध्यावर डार्विनला आले. निखिल तिथे गॅसच्या प्रकल्पात इंजिनियर आहे, ऋजुता हॉस्पिटलमध्ये नर्स. दोघं शिकायला आले, राहिले, पर्मनंट रेसिडेंट झाले. मी पाहुणी. माझा व्हिसा तीन वर्षांचा आहे, पण एका खेपेला तीनच महिने राहायचं, मग देशाबाहेर पडायचं आणि हवं तर परत आत यायचं. ऑस्ट्रेलियातल्या आपल्या मंडळींनी यावर तोडगा काढलाय. तीन महिने भरत आले की आईबाबांना घेऊन आठवडाभर बाली, नाहीतर फिजी. त्याला "एक्झिट मारून येणं" म्हणतात. मुलांची सुट्टी होते, आईबाबांचे तीन महिने नव्याने सुरू होतात. सिडनीला टूनगॅबीत राहणाऱ्या माझ्या भाचीने तिच्या सासूबाईंना अशी तीनदा बाली घडवली आहे. मी फोनवर शंका काढली तर म्हणाली, "मावशी, नो वरीज गं. आमच्या सासूबाईंना आता तिथली कुत्रीसुद्धा ओळखतात."

मार्च उजाडला तेव्हा बातम्यांत चीन होतं, इराण होतं, इटली होतं. डार्विनच्या दुकानांत टॉयलेट पेपरचे कप्पे रिकामे झाले होते, याचं मला दुःख झालं नाही. पण विमानात बसायचं म्हटल्यावर मी निखिलला विचारलं, "आत्ता नाही गेलं तर?"

"मग तुझे तीन महिने संपतील आणि तुला पुण्याला जावं लागेल. बालीत काही नाहीये गं आई. रिलॅक्स."

वाचकांसाठी इथे एक माहिती. व्हिसावर 'नो फर्दर स्टे'ची अट नसेल तर ऑस्ट्रेलियात बसूनच मुदत वाढवून मागता येते. माझ्या व्हिसावर ती अट नाही. हे आम्हाला आत्ता, सगळं झाल्यावर कळलं. तेव्हा घरात एक इंजिनियर, एक नर्स आणि एक निवृत्त सरकारी नोकर असूनही व्हिसाचा कागद उघडून वाचावा असं कुणाला वाटलं नाही. सगळे बालीला जातात, आपणही बालीला जायचं.

शनिवारी, १४ मार्चला सकाळी निघालो. डार्विनहून बाली अडीच तास. सिडनीला जायला याच्या जवळजवळ दुप्पट लागतात. म्हणून डार्विनचे लोक बालीला असे जातात, जसे आपण पुण्याहून महाबळेश्वरला. दुसरं कारण समुद्राचं. डार्विनला घरापासून दहा मिनिटांवर निळाशार समुद्र आहे आणि त्यात पाऊल घालायची सोय नाही. बाराही महिने मगरी, आणि पावसाळ्यात वर विषारी जेलीफिश. ईरा समुद्राकाठी वाढतेय, पण समुद्रात कधी गेली नव्हती.

बालीच्या देनपसार विमानतळावर कपाळाला तापमापकाची पिस्तुलं लागली. भारतीय पासपोर्टला तेव्हा आगाऊ व्हिसा लागत नव्हता. सानूरपर्यंत टॅक्सीचे दोन लाख रुपिया झाले. आकडा ऐकून छातीत धस्स होऊ देऊ नका. ते वीस-एकवीस डॉलर होतात. सानूर म्हाताऱ्यांसाठी आणि लेकुरवाळ्यांसाठी उत्तम. कुटा गावाकडे दारू पिऊन गाणाऱ्या ऑस्ट्रेलियन पोरांची जत्रा असते. सानूरला किनाऱ्याकाठी सपाट फरसबंद वाट आहे, गुडघे कुरकुरत नाहीत. लाटा दूर खडकांवर फुटतात आणि किनाऱ्याशी पाणी गुडघाभर, कोमट, ताटात वाढलेल्या वरणासारखं शांत.

ईरा पाण्याच्या काठाशी उभी राहिली आणि मला विचारू लागली, "आर देअर क्रॉक्स?"

"नाहीत गं. इथे फक्त आजी आहे."

"आजी इज वर्स," निखिल म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो. त्या सहलीत चौघं मिळून हसलो ते तेवढंच. लिहिताना आठवलं म्हणून नोंदवते.

रविवारी गाडी केली. ड्रायव्हरसकट दिवसाचे सहा लाख रुपिया, पेट्रोल त्यातच. ड्रायव्हरचं नाव वायान. बालीत पहिल्या मुलाचं नाव वायान, दुसऱ्याचं माडे, तिसरा न्योमान, चौथा केतुत. पाचवा झाला की पुन्हा वायान. बारशाचं भांडणच नाही. उबुदच्या वाटेवर गावोगावी मांडवांत बांबू आणि कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस उभे राहत होते, कुणाला अजून रंग नाही, कुणाला हात नाही. वायान म्हणाला, "आमचं नवीन वर्ष येतंय. आदल्या संध्याकाळी हे राक्षस गावातून मिरवतात. आणि नववर्षाच्या दिवशी न्येपी. त्या दिवशी सगळं बंद. दिवा नाही, चूल नाही, बोलणं नाही. विमानतळसुद्धा बंद."

मी विचारलं, "तारीख कोणती?"

"ट्वेंटी-फिफ्थ मार्च. शक नाइन्टीन फॉर्टी-टू."

मी सीटवर ताठ बसले. अहो, आपलाच शालिवाहन शक! आपलाच पाडवा! आपण गुढी उभारतो, कडुलिंब खातो, शेजारच्या घरी पेढे पोचवतो, आणि त्याच दिवशी ही माणसं तोंड मिटून अंधारात बसतात. "या वर्षी राक्षसांची मिरवणूक होईल का, माहीत नाही," वायान म्हणाला. "गर्दी नको म्हणतात."

हत्तीच्या गुहेत, म्हणजे गोवा गजाहला, गणपती आहे. अंधारात बसलेला, खूप जुना, झिजलेला. बाहेर भातखाचरांसमोर एका लहानशा खानावळीत जेवलो. भात, तळलेलं टेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणि उराप म्हणून ओलं खोबरं घातलेली भाज्यांची कोशिंबीर. चौघांचं जेवण वीस डॉलरच्या आत. आणि वाचकहो, क्लेपोन खा. तांदळाच्या पिठाचे हिरवे गोळे, बाहेर खोबरं, आत पातळ गूळ. उकडीचा मोदक उलटा करून घातल्यासारखा. मी सहा खाल्ले.

सातवा उचलला तेव्हा निखिलचा फोन वाजला. ऑस्ट्रेलियाने जाहीर केलं होतं की आज मध्यरात्रीपासून परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाने चौदा दिवस घरात कोंडून घ्यायचं. पाठोपाठ ऋजुताचा फोन वाजला. हॉस्पिटल. ती खानावळीच्या बाहेर जाऊन खाचराच्या बांधावर उभी राहून बोलत होती आणि एका हाताने कपाळ चोळत होती. परत आली ती म्हणाली, "दोन आठवडे मी कामावर नाही. आणि ते मास्क मोजून देतायत."

त्या जेवणानंतर आमची सहल संपली. पुढचे दिवस आम्ही बालीत होतो, एवढंच.

सोमवार, मंगळवार, बुधवार हॉटेलातच गेले. पूल, खोली, वायफाय. दोघं आळीपाळीने व्हरांड्यात जाऊन फोनवर बोलायची. मी जवळ गेले की आवाज खाली. इथे माझ्याविषयी एक सांगायला हवं. मी पुण्याच्या टेलिफोन खात्यात ट्रंक एक्स्चेंजला होते. आयुष्यभर कानाला हेडफोन लावून माणसांना माणसांशी जोडून दिलं. मोठ्याने बोललेलं मला ऐकू येतं. हळू बोललेलं जरा जास्तच येतं. आणि दोघांची आणखी एक अडचण अशी की इतर घरांत सासूसमोर इंग्रजीत बोलून भागतं. आमच्याकडे ती सोय नाही.

मंगळवारी दुपारी वारुंगमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या साध्या खानावळीत, सांबाल, म्हणजे तिथली मिरचीची चटणी, जरा जास्त लागली आणि मला ठसका बसला. मला दमा आहे. ठसका सुरू झाला की लगेच थांबत नाही. शेजारच्या टेबलावरचं ऑस्ट्रेलियन जोडपं आपापल्या ताटल्या उचलून दूरच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. बाईंनी जाताना "सॉरी, लव्ह" म्हटलं. मला त्यांचा राग आला नाही. माझं लक्ष ऋजुताकडे गेलं. ती सुनेसारखी पाहत नव्हती, नर्ससारखी पाहत होती. श्वास मोजत होती. परतताना ती पुढे निखिलशी हळू बोलली, "शी इज हाय रिस्क, निखिल. तू ऐकत का नाहीयेस?"

मी मागून म्हटलं, "मी ऐकतेय."

दोघं थांबली. निखिल वळून म्हणाला, "काही नाही गं आई. हॉस्पिटलचं चाललंय."

गुरुवारी दुपारी पंतप्रधानांनी जाहीर केलं: शुक्रवारी सिडनीच्या घड्याळात रात्रीचे नऊ वाजले की ऑस्ट्रेलियाचं दार बंद. नागरिक आणि पर्मनंट रेसिडेंट आत येतील, बाकी कुणी नाही. आमची परतीची तिकिटं शनिवारची. म्हणजे ती तिघं आत, मी बाहेर. त्याच संध्याकाळी भारतानेही रविवारपासून परदेशी विमानं बंद करायचं ठरवलं. इकडचंही दार लागत होतं आणि तिकडचंही. मी निखिलला म्हटलं, "आता आपण काय करायचं?"

"तू झोप. आम्ही बघतो."

सांगायची गोष्ट अशी की मी झोपले. मुलगा बघतोय म्हटल्यावर झोपले. आणि सकाळी नातीने वेणीचं विचारलं.

"निखिल," मी म्हटलं, "पुण्याचं काय?"

"सांगणारच होतो. टॅक्सीत."

"टॅक्सीत?"

"तू रात्रभर टेन्शन घेतलं असतंस. साडेबाराची सिंगापूर फ्लाइट आहे, तिथून मुंबई. तिथे गाडी सांगितलीय. उद्या दुपारी घरी पोचशील."

"आणि डार्विनची आजची फ्लाइट?"

"फुल आहे."

"कुणाला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? ॲपवर दाखवतंय."

ऋजुता दुसरा ज्यूस घेऊन परत आली होती. ती बसली आणि सरळ माझ्याकडे पाहून बोलली, हे तिच्या बाजूने मी आवर्जून लिहिते. "आई, मी दोन आठवड्यांनी वॉर्डात जाणार. तिथे पेशंट येणार. मी जे घरी घेऊन येईन ते आधी तुम्हाला होणार. तुम्हाला दमा आहे, इथल्या सरकारची मेडिकेअर तुम्हाला नाही, आणि तुमच्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये पॅन्डेमिक धरलेलं नाही. मी पूर्ण वाचलंय."

"कधी वाचलंस?"

"मंगळवारी."

"म्हणजे मंगळवारपासून ठरतंय."

निखिल म्हणाला, "आई, तुझ्या भल्यासाठीच ना?"

कारणं खोटी नव्हती. मला विचारलं असतं तर कदाचित मीच पुणं म्हटलं असतं. आपलं घर, आपला डॉक्टर, कोपऱ्यावरचा औषधवाला. कदाचित डार्विन म्हटलं असतं, कारण पुण्याच्या घरात मी एकटी, आणि ही दारं लागली तर कधी उघडणार हे कुणालाच माहीत नाही. मी काय म्हटलं असतं ते आता मलाही कळायचा मार्ग नाही, कारण प्रश्नच आला नाही.

ट्रंक कॉलचा हिशेब तीन मिनिटांचा असे. तीन मिनिटं भरली की आम्ही मध्ये बोलायचो: "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" पलीकडे कुणी रडत असो, भांडत असो, जावई असो, मंत्री असो. विचारल्याशिवाय लाइन तोडायची नाही. मी आयुष्यात ज्यांचं तोंड पाहिलं नाही अशा हजारो माणसांना मी हे विचारलं.

टॅक्सीत बसलो. निखिल सगळ्यांचे पासपोर्ट एका निळ्या पाऊचमध्ये घालून गळ्यात अडकवतो. मी म्हटलं, "माझा दे."

"लाइनीत देतो ना."

मी हात पुढे केला आणि तसाच ठेवला. रस्त्यात एक राक्षस दिसला, रंग पूर्ण झालेला, लाल जीभ बाहेर. हाताला रग लागली. शेवटी ईरा म्हणाली, "डॅड, जस्ट गिव्ह इट टू हर!" आणि त्याने दिला.

या ब्लॉगवर मी आजवर जे काही प्रवासी सल्ले दिले असतील ते सगळे विसरलात तरी चालेल. आपला पासपोर्ट आपल्या पर्समध्ये ठेवा.

विमानतळावर माणसांचा समुद्र. रडणारी बाळं, सर्फिंगच्या फळ्या, उन्हाने लाल झालेले चेहरे, सगळ्यांना आजच घरी जायचं होतं. निखिल माझी बॅग घेऊन सिंगापूरच्या रांगेकडे वळला. मी डार्विनच्या रांगेत जाऊन उभी राहिले. त्याला कळेपर्यंत माझ्यामागे दहाबारा माणसं लागली होती.

"आई! अगं इकडे!"

"माझ्याकडे उद्याचं डार्विनचं तिकीट आहे. ते आजचं करून मागतेय."

"फुल आहे म्हणून सांगितलं ना!"

"तू सांगितलंस. यांनी नाही सांगितलं."

काउंटरवरच्या मुलीने मास्कच्या वरून माझ्याकडे पाहिलं. मी सिस्टरांनी शिकवलेल्या पूर्ण वाक्यांत, सावकाश, माझी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "फुल, इबू. आय अॅम सॉरी." इबू म्हणजे आई. "स्टँडबायवर नाव घालते. काउंटर बंद होताना कळेल. बाजूला थांबा."

मी बाजूच्या खांबाला टेकून उभी राहिले. समोर, हॉलच्या दुसऱ्या टोकाला, सिंगापूरची रांग सरकत होती. त्यांचं काउंटर माझ्या काउंटरच्या आधी बंद होणार होतं. निखिल दोन काउंटरांमध्ये येरझारा घालत होता, बॅगेचं चाक कुरकुरत होतं.

"आई, शेवटची पाच माणसं राहिलीत तिकडे. इथे सीट मिळाली नाही तर तू कुठेच जाणार नाहीस. कळतंय का? ना डार्विन ना पुणे. इथे अडकशील. एकटी!"

"कळतंय."

"मग?"

"मी थांबते."

"हट्ट आहे हा! नुसता हट्ट!"

आजूबाजूची माणसं पाहू लागली. मी म्हटलं, "निख्या, ओरडू नकोस. लोक मास्क लावून आलेत, कानात बोळे घालून नाही."

मी खांब सोडला नाही. छातीत शिट्टी वाजत होती. दम्याचा पंप पर्समध्ये होता, पण तिथे, त्या गर्दीत, निखिलसमोर पंप काढायचा नाही, एवढंच मी मनाशी घट्ट धरून ठेवलं होतं. काढला असता तर त्याच्या म्हणण्यावर शिक्का बसला असता. ईरा माझ्या साडीचा पदर बोटाला गुंडाळत होती. सिंगापूरच्या काउंटरवर 'बंद'ची पाटी लागली. निखिल बॅग आडवी टाकून तिच्यावर बसला आणि त्याने तोंड ओंजळीत धरलं.

एक्स्चेंजमध्ये लाइन एंगेज असली की आम्ही कॉल रद्द करत नव्हतो. थांबून राहायचो. कुणीतरी फोन ठेवतोच.

"इबू?"

कुणीतरी आलं नव्हतं. एक सीट होती. एकच.

"इबू ट्रॅव्हलिंग अलोन?" मुलीने विचारलं.

निखिलने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी ऋजुता म्हणाली, "येस. शी इज." मग तिने पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला, घराची किल्ली नखाने ओढून सोडवली आणि माझ्या हातात ठेवली. "आई, मागचं दार ओलीने फुगलंय, खांद्याने ढकला. आणि पंप घ्या. आत्ता. मी मघापासून बघतेय."

मी तिच्यासमोर पंप घेतला.

विमानात काय खाल्लं, खिडकीतून काय दिसलं, काही आठवत नाही. डार्विनला उतरले तेव्हा बाहेर उजेड होता. इमिग्रेशनच्या पोराने पासपोर्ट पाहिला, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, पुन्हा पासपोर्ट पाहिला. "कटिंग इट फाइन, आर्न्ट यू?" मी म्हटलं, "आय वॉज नॉट कन्सल्टेड अबाउट द टायमिंग." तो हसला, चौदा दिवस घरात राहण्याचा कागद दिला आणि शिक्का मारला.

घरात दमट, कोंडलेला वास. मागचं दार खांद्याने ढकललं. कुंडीतला कढीपत्ता मरगळला होता, त्याला पाणी घातलं. कुकर लावला.

ती तिघं शनिवारी संध्याकाळी आली. ईरा धावत आली आणि हातभर अंतरावर थांबली. "आर वी अलाउड?"

"एकाच घरात आहोत," ऋजुता म्हणाली. "अलाउड."

मी ईराची वेणी घातली. निखिलने बॅगा आत आणल्या, वरणभात दोनदा घेतला, आणि "छान झालंय" म्हणाला. 

आज सोमवार. चौघं एका छताखाली कोंडलो आहोत. डार्विन मराठी ग्रुपमधल्या एकीने फाटकाबाहेर मेथी आणि दूध ठेवलं आणि रस्त्यापलीकडून ओरडून चौकशी केली. निखिल माझ्याशी वायफायबद्दल बोलतो, तांदळाबद्दल बोलतो, पंख्याच्या आवाजाबद्दल बोलतो. शुक्रवारबद्दल विचारलं की म्हणतो, "आई, सोड ना आता. आलीस ना शेवटी?" म्हणून हे इथे लिहावं लागलं.

या सहलीतून माझ्याजवळ काय राहिलं? ईरा समुद्रात गेली, ते राहिलं. क्लेपोनची चव राहिली. ऋजुताची किल्ली अजून माझ्या उशीजवळ आहे, ती परत मागत नाही आणि मी देत नाही. बालीला जरूर जा, सानूरला उतरा, वायानसारखा कुणी मिळाला तर त्याला नववर्षाबद्दल विचारा. फक्त व्हिसासाठी म्हणून जाऊ नका, आणि आधी व्हिसाचा कागद वाचा.

आता निखिल, तुला.

तू मला पुण्याला पाठवत होतास याची माझी तक्रार नाही. तू मला विचारलं नाहीस, ही आहे. या वेळी प्रश्न विमानाचा होता, मी दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहू शकले. पुढच्या वेळचा प्रश्न वेगळा असेल. जगात सध्या जे चाललंय ते तुझी बायको मला रोज वाचून दाखवते. मला हॉस्पिटलात न्यावं लागलं, आणि डॉक्टरांनी तुला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन काही ठरवायला सांगितलं, तर तू आत येऊन मला विचारशील, की "तू झोप, आम्ही बघतो" म्हणशील? तेव्हा मला रांग बदलता येणार नाही.

उत्तर लेखी हवं. मराठीत, पूर्ण वाक्यांत. अंगठा चालणार नाही, हात जोडलेलं चित्र चालणार नाही, व्हॉइस मेसेज तर मुळीच नाही. मुदत बुधवार, २५ मार्च, सकाळी नऊपर्यंत, गुढीवर तांब्या चढण्याआधी. बालीत त्या दिवशी कुणी कुणाशी बोलणार नाही, तो त्यांचा रिवाज आहे. आपला नाही. माझ्या खोलीचं दार उघडंच असतं. आत यायला जड वाटलं तर कागद उंबऱ्यावर ठेव.